फुलाच्या दिवसावरून पेरणी

आमच्या बचत गटाने परसबागेसाठी भाजीचं बियाणं वाटायला सुरुवात केली आणि ते काम माझ्याकडे आलं. बी आणायचं, पुड्या बांधायच्या, घरोघर द्यायच्या. एवढं सोपं होतं. अवघड होता तो पुडी हातात पडताच प्रत्येकीने विचारलेला प्रश्न: "ताई, हे टाकायचं कधी?"

आमचं गाव पुरंदर तालुक्यात, कऱ्हेच्या खोऱ्यात. दिवे घाट चढून वर आलं की पुण्याची हवा खाली राहते. पाऊस बेताचा, आणि होळीनंतर विहिरीचं पाणी रोज थोडं थोडं खाली जातं. अशा ठिकाणी पेरणी तीन आठवडे चुकली तर नुसता उशीर होत नाही, पीकच हातचं जातं. म्हणून "लावा कधीही, येतंय" असं उत्तर देणं मला बरोबर वाटेना.

सुरुवात भेंडीपासून केली, कारण तिच्याबद्दल तीन ठिकाणांहून तीन उत्तरं मिळाली होती. पाकिटावर छापलं होतं मार्च. कृषी विद्यापीठाची शिफारस होती जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. आणि आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "संक्रांत झाली की वाफा करून ठेव. बी टाकायचं ते रातची एक गोधडी कमी झाली की."

त्या संक्रांतीपासून मी एकाच वाफ्यात दर आठवड्याला भेंडीची एक ओळ टोकत गेले. सोबत एक साधा तापमापक घेतला आणि सकाळी सकाळी दोन बोटं खोल मातीत खुपसून आकडा लिहायला लागले. जानेवारीत माती सोळा-सतरा अंशांवर होती. त्या ओळींतलं बी पंधरवडाभर मातीतच पडून राहिलं, उगवलं तेही विरळ. फेब्रुवारीत माती वीसच्या वर सरकली तशी ओळ पाच-सहा दिवसांत वर आली, आणि महिन्याभरात तिने आधीच्या ओळींना गाठलं. भेंडीला कोमट माती लागते. थंड मातीत लवकर टाकून काही पदरात पडत नाही. पाकिटावरचा मार्च खोटा नव्हता. उत्तरेकडच्या मैदानात थंडी उशिरा हटते, तिथे तो बरोबर आहे. पण आमच्याकडे मार्चची भेंडी ऐन तोडणीला येते तेव्हा विहिरीने तळ गाठलेला असतो. आत्यांची गोधडी या सगळ्यांत जास्त नेमकी निघाली, कारण ती आमच्याच घरातली थंडी मोजत होती.

तेव्हापासून आत्यांचं प्रत्येक वाक्य मी वहीत उतरवून घ्यायला लागले. त्यांचं सगळं गणित नक्षत्रांवर चालतं. मिरगात घेवडा, आर्द्रात वाटाणा, हस्ताचा पाऊस बघून मेथी, स्वातीत कांद्याचं रोप. गटातल्या तरुण मुलींना नक्षत्रं कळत नाहीत, त्यांना तारखा हव्या असतात. म्हणून दिनदर्शिका घेऊन मी नक्षत्रांसमोर तारखा लिहायला बसले, आणि एक गोष्ट लक्षात आली जी मला कुणी समजावून सांगितली नव्हती. पावसाची नक्षत्रं दर वर्षी जवळजवळ त्याच तारखेला लागतात. मृग ७ किंवा ८ जूनला, आर्द्रा २१-२२ जूनला, हस्त २६-२७ सप्टेंबरला, स्वाती २४ ऑक्टोबरच्या आसपास. कारण ही नक्षत्रं सूर्याची आहेत. वर्षभराच्या वाटेचे सत्तावीस समान भाग केले की एकेका भागाला तेरा-चौदा दिवस येतात. तिथी चंद्रावर चालते, म्हणून सण मागेपुढे होतात. २०२२ साली दसरा ५ ऑक्टोबरला होता. २०२३ साली अधिक श्रावण आल्यामुळे तो २४ ऑक्टोबरला गेला. "दसऱ्याला पेर" हा सल्ला त्या दोन वर्षांत एकोणीस दिवसांनी हलला, आणि कोबीवर्गातल्या पिकाला एकोणीस दिवस म्हणजे फार झाले. आपल्या जुन्या माणसांनी सण साजरे केले तिथीवर, पण पेरताना चाड्यावर मूठ धरली ती सूर्याच्या नक्षत्रावर. यातला विचार मला अजून थक्क करतो. सूर्याची ही नक्षत्रंसुद्धा सरकतात, पण साधारण ७२ वर्षांत एक दिवस; एका आयुष्याच्या शेतीला त्याने बाधा येत नाही.

म्हणून माझ्या वहीत सण बाजूला ठेवले, आणि नक्षत्र व तारीख शेजारी शेजारी लिहिली. आत्यांना नक्षत्र वाचून दाखवता येतं, मुलींना तारीख.

याच सुमारास गोठ्याच्या पडवीत, ऊन लागणार नाही अशा जागी, मी कमाल-किमान तापमापक टांगला. दिवसातला सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी आकडा त्यात अडकून राहतो, त्यामुळे संध्याकाळी एकदा पाहिलं तरी पुरतं. वर्ष पुरं झाल्यावर आकडे एका कागदावर मांडले. मी धरून चालले होते की दुपारचा कमाल आकडा सर्वांत कमी येईल तो डिसेंबर-जानेवारीत. तो आला ऑगस्टमध्ये. ढग आणि झड यांच्यामुळे दुपारचा पारा सत्तावीसच्या पुढे जाईना, उलट जानेवारीच्या कोरड्या, निरभ्र दुपारी तो तिशीला टेकत होता. पुण्याच्या हवामान खात्याची अनेक वर्षांची सरासरी पाहिली तर तिथेही तेच: कमाल तापमान सर्वांत कमी ते ऑगस्टमध्ये. फरक पडतो रात्रीत. ऑगस्टची रात्र वीस-एकवीस अंशांची, जानेवारीची दहा-अकरा.

आमच्या तालुक्याचं एक कोडं यातून सुटलं. वाटाणा सगळीकडे हिवाळ्याचं पीक म्हणून ओळखला जातो, आणि पुरंदरचा वाटाणा मात्र पावसाळ्यात बाजारात जातो. जून-जुलैत पेरायचा, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये शेंगा तोडायच्या. बाहेरच्या माणसाला हे उलटं वाटतं. पण वाटाण्याला त्रास होतो तो फुलावर असताना दुपारच्या तापाचा; तीस अंशांच्या वर फुलं गळतात, दाणा भरत नाही. आर्द्रात पेरलेला वाटाणा पाच-सहा आठवड्यांनी फुलावर येतो, म्हणजे बरोबर आश्लेषा-मघाच्या, ऑगस्टमधल्या ढगाळ दिवसांत. वर्षातली सर्वांत थंड दुपार त्याच्या फुलाला मिळते.

हे उमगल्यावर वहीची मांडणीच बदलली. तोवर पहिला रकाना "पेरणी" हा होता. मी तो शेवटी नेला आणि पहिला रकाना केला "फुलाचे दिवस". आधी ठरवायचं की या भाजीचं फूल, गड्डा किंवा कांदा कोणत्या हवेत धरतो. मग आपल्या गावात ती हवा कोणत्या आठवड्यांत असते ते तापमानाच्या कागदावर शोधायचं. तिथून दिवस मागे मोजत यायचं. जिथे पोचू ती पेरणीची वेळ. बी उगवण्यापुरती हवा बरोबर असली म्हणून भागत नाही. बी आठवड्यात उगवतं, पण फूल येतं दोन महिन्यांनी, आणि तोवर हवा पार बदललेली असते.

टोमॅटोचंच घ्या. बी टाकल्यापासून रोप लावणीला यायला पंचवीस-तीस दिवस, आणि लावणीनंतर महिन्याभरात फूल. म्हणजे बी ते फूल दोन महिने. मार्चमध्ये टाकलेलं रोप दिसायला सुरेख होतं, पण फुलावर येतं मेमध्ये. पारा अडतिसाच्या पुढे गेला की परागच निकामी होतात आणि फूल देठापासून गळतं. बायका म्हणतात खत कमी पडलं. खरं तर खताशी त्याचा संबंध नसतो. डिसेंबर-जानेवारीत टाकलेल्या रोपाला फेब्रुवारी-मार्चचं फूल येतं आणि ते धरतं. आमच्याकडे सर्वांत चांगला निघाला तो ऑगस्टअखेरचा टोमॅटो: फूल ऑक्टोबरअखेर-नोव्हेंबरात, पाऊस सरलेला, रात्री पंधरा ते वीस अंशांच्या. मृगातलं रोपही फळतं, पण झडीत पानांवर करपा रोग येतो. परसात चार झाडं असतील तर त्यांना काठीचा आधार देऊन पानं जमिनीपासून वर ठेवावीच लागतात.

कांद्याला मी सर्वांत जास्त वेळ दिला, कारण घरोघर कांदाच लावला जातो आणि तक्रारही कांद्याचीच येते: डेंगळे आले. डेंगळा म्हणजे कांद्याचा फुलाचा दांडा. तो आला की कांदा पोसत नाही, मधे टणक दांडा राहतो आणि असा कांदा साठवणीच्या चाळीत टिकत नाही. कांद्याच्या रोपाला थंडीची खूण कळते ती त्याची मान जरा जाड झाल्यावर. कोवळं, बारीक रोप थंडीतून जातं, त्याला काही होत नाही. मोठं झालेलं रोप दहा-पंधरा अंशांच्या रात्री काही आठवडे अंगावर घेतं आणि हिवाळा झाला, आता बी धरायचं, असं त्याच्या आत ठरून जातं.

आता मागे मोजू. उन्हाळी कांदा एप्रिलच्या मध्यापर्यंत काढायला हवा, म्हणजे वळवाच्या पावसाआधी तो सावलीत सुकून चाळीत जातो. लावणीपासून काढणीपर्यंत एकशे दहा ते एकशे वीस दिवस. म्हणजे लावणी डिसेंबरच्या मध्यानंतर. रोप लावणीला येतं सहा-सात आठवड्यांत. म्हणजे बी टाकायचं ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. दिनदर्शिकेत पाहिलं तर ते स्वाती नक्षत्र निघालं. आत्यांचं वाक्य आणि माझं मोजमाप एकाच ठिकाणी आलं याचा मला फार आनंद झाला. हस्तात रोप टाकून नोव्हेंबरात लावलं तर जानेवारीच्या गारठ्यापर्यंत ते मोठं झालेलं असतं, आणि डेंगळे तिथूनच येतात.

वाणाकडे दुर्लक्ष केलं तर मात्र ही सगळी मोजणी फुकट जाते. एन-२-४-१ हा उन्हाळी कांदा, टिकायला चांगला. बसवंत ७८० हा खरिपाचा, लाल. त्याचं रोप मे-जूनमध्ये टाकायचं, जुलै-ऑगस्टमध्ये लावायचं. मधला एक रांगडा हंगामही आहे, ज्याचं रोप ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये टाकतात. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाचे भीमा मालिकेतले वाणही असेच हंगामानुसार वेगळे आहेत. कांदा पोसण्याची खूण दिवसाच्या लांबीवरूनही घेतो. आपल्या पट्ट्यात सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सर्वांत लहान अकरा तासांचा. थंड देशांतले वाण चौदा तासांच्या पुढच्या दिवसाची वाट पाहणारे असतात. ते इथे नुसती पात देत राहतात. त्यामुळे आता मी "कांदा" एवढंच लिहिलेली पुडी कुणाला देत नाही. वाणाचं नाव पुडीवर असतंच.

फुलकोबीची गोष्टही वाणापाशीच अडते. लवकर येणाऱ्या जाती वीस-पंचवीस अंशांत गड्डा धरतात. स्नोबॉल गटातल्या उशिराच्या जातींना दहा ते सोळा अंशांचा गारवा लागतो. उशिराची जात जूनमध्ये टाकली तर नुसती पानं वाढतात आणि गड्ड्याची वाट पाहून माणूस थकतो. लवकरची जात ऑक्टोबरात टाकली तर रोप लहान असतानाच थंडी पडते आणि सुपारीएवढा गड्डा येऊन झाड थांबतं. वाटाण्याला चालणारा ऑगस्ट स्नोबॉलला का चालत नाही, हेही त्या तापमापकाने दाखवलं. दुपार थंड असली तरी रात्र थंड नसते. म्हणून लवकरची जात मृग-आर्द्रात, स्नोबॉल सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर.

वालाचं गणित वेगळंच. आमच्याकडचा जुना, वेलाचा वाल जूनमध्ये लावा नाही तर ऑगस्टमध्ये, फुलतो तो दिवस लहान व्हायला लागल्यावरच. लवकर लावलेला वेल नुसता मांडव भरतो. म्हणून वालासाठी मागे मोजण्यात अर्थ नाही. मांडवाला किती वेल हवा यावरून पेरणी ठरवायची. मी जुलैचा मध्य धरते. कोकणात भात काढल्यावर उरलेल्या ओलीवर वाल पेरतात, तिथे वेल आखूड राहतो आणि शेंगा लवकर मिळतात. दोन्ही पद्धती त्याच एका स्वभावावर चालतात.

पालेभाज्यांना मोजणी उलटी लावावी लागली, कारण तिथे फूल नकोच असतं. कोथिंबिरीने तुरा धरला की ती संपली. उन्हाळ्यात ती लवकर तुऱ्यावर जाते आणि पारा छत्तिसाच्या वर गेला की धने उगवतही नाहीत धड. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा तिचा निवांत काळ. एप्रिल-मेत हवीच असेल तर शेवग्याच्या नाही तर शेडनेटच्या सावलीत, धने रगडून दोन फाकी करून, रात्रभर भिजवून, आणि वाफा सतत ओला ठेवून. मेथीला ऊन सोसतं, झड सोसत नाही. जुलैत ती पाण्यात बसते. मुळ्याची पुसा चेतकी ही जात उन्हाळ्यात-पावसाळ्यातही पोसते, थंडीत जपानी व्हाइट. पालक, चुका, अंबाडी यांच्यावर मी फार वेळ घालवला नाही, ती समजूतदार पिकं आहेत.

इथवर सगळं कागदावर नीट बसलं. पण तारखा लिहून संपलं असं पावसाने होऊ दिलं नाही. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. ढगच नाहीत म्हटल्यावर ऑगस्टची थंड दुपारही नाही. वाटाण्याची फुलं उन्हात सापडली. २०२५ मध्ये मान्सून २६ मेलाच मुंबईत आला आणि आमच्याकडेही मृगाच्या आधीच्या रोहिणीतच वाफे भिजले. आत्यांना विचारलं, "मृगाची वाट बघायची का?" त्या म्हणाल्या, "जमिनीला इचार. वाफसा आलाय का बघ." मूठभर माती घेऊन दाबायची, गोळा झाला आणि बोटाने ढकलल्यावर फुटला तर वाफसा. चिखल असेल तर तारीख काहीही असो, थांबायचं. मुंबईतून मान्सून परतण्याची सर्वसाधारण तारीखही हवामान खात्याने २०२० मध्ये २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबरवर नेली आहे, आणि हस्त-चित्रातला उशिरा रेंगाळणारा पाऊस आम्ही तर दर वर्षी पाहतो. म्हणून स्वातीतलं कांद्याचं रोप आता मी सपाट वाफ्यात टाकू देत नाही. गादीवाफाच, म्हणजे जमिनीपेक्षा उंच वाफा करायचा, पाऊस आलाच तर पाणी निघून जातं आणि रोपं कोलमडत नाहीत.

यावर उपाय म्हणून वहीतल्या तक्त्यात एक तारीख न देता तीन आठवड्यांचा पट्टा दिला, आणि सांगितलं की बी दोन-तीन भागांत टाकायचं, आठ-दहा दिवसांच्या अंतराने. परसबागेला हे तसंही सोयीचं. सगळी मेथी एकाच दिवशी काढणीला आली तर खाणार कोण? मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला येतो, त्यात पुढच्या पाच दिवसांचा अंदाज असतो. पट्टा माहीत असेल तर त्यातला दिवस निवडायला हा सल्ला फार कामाला येतो.

दुसरी दुरुस्ती गटातल्या बायकांनी करवली. ओढ्याकाठी राहणाऱ्या एका काकूंची भेंडी माझ्या पट्ट्यात टाकूनही उगवेना. मी तापमापक घेऊन त्यांच्याकडे गेले. पहाटे त्यांच्या वाफ्यात पारा आमच्यापेक्षा तीन अंश खाली होता. थंड हवा जड असते, रात्री उतारावरून वाहत जाऊन ओढ्याच्या सखलात साचते. एकाच गावात, अर्ध्या कोसावर, हिवाळा दहा-बारा दिवस जास्त टिकतो. तेव्हापासून तक्त्यात "माळावर" आणि "ओढ्याकाठी" असे दोन रकाने झाले. ओढ्याकाठी उन्हाळी भाज्या दहा दिवस उशिरा, आणि स्नोबॉल मात्र त्यांच्याकडेच सर्वांत भारी येतो.

आता पुडीसोबत हा तक्ता जातो: भाजी, वाण, फुलाची किंवा गड्ड्याची हवा, नक्षत्र, तारखांचा पट्टा, माळ की ओढा. शेवटचा रकाना उगवणीचा. कांद्याचं बी वर्षभरातच जोर सोडतं, म्हणून पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून कितींना मोड येतात ते पाहायचं आणि तो आकडा तिथे लिहायचा. सत्तरच्या खाली असेल तर बी दाट टाकायचं, पन्नासच्या खाली असेल तर पुडी बदलून न्यायची. यंदा लसणाची ओळ नव्याने घातली आहे. त्याच्या पाकळ्या ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत लावायच्या, म्हणजे थंडीत पात वाढते आणि दिवस मोठा व्हायला लागला की गड्डा भरतो. ओढ्याकाठच्यांनी तो आठवडाभर आधी लावावा की नंतर, हे ठरवायला त्या काकूंच्या वाफ्यात आणि आमच्या वाफ्यात एकाच दिवशी पाकळ्या टोचल्या आहेत.